काळ्या खताची चोरी

१

गोदामाचं कुलूप जसंच्या तसं होतं. गीताबाईंनी कमरेची किल्ली काढून ते उघडलं, दोन्ही हातांनी फळ्या लोटल्या आणि उंबऱ्यावरच त्यांचा पाय अडला.

आत काहीच नव्हतं. काल सकाळी याच दारातून पाहिलं तेव्हा पोत्यांची थप्पी छताला टेकली होती. आज तिथे नुसती फरशी होती, आणि फरशीवर काळ्या भुकटीचा पातळ थर.

"मॅडम," गीताबाई मागे न वळता म्हणाल्या, "काल तुमाले दाखोलं व्हतं ना मी? भरेल व्हतं ना?"

"भरलेलं होतं," वासंती म्हणाली. "मी स्वतः पाहिलंय."

वासंती मुळे चिखलीची. उभा जन्म तिने विमा कंपन्यांसाठी आगी तपासण्यात घालवला होता. जिनिंगमधला कापूस, डाळ मिलचं छप्पर, गंजीतला कडबा, काहीही जळालं की तिला बोलावणं यायचं. कोणती आग लागली आणि कोणती लावली, हे ती राखेत काडी फिरवून सांगायची आणि सहसा चुकायची नाही. पन्नाशी उलटल्यावर तिने नवं काम धरलं होतं. आता ती न जळलेल्या गोष्टी तपासायला जात असे.

कारण धुराला हल्ली भाव आला आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या कारखान्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि एखाद्या गावाने तेवढाच धूर जमिनीत गाडून दाखवला, तर ती किंमत त्या गावाकडे वळते. जानेफळच्या बाजूला असलेल्या टेंभुरखेडच्या बायकांनी महिला संघ काढून नेमकं तेच चालवलं होतं. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उरते. पूर्वी ती बांधावर पेटवून देत. आता बायका ती खड्ड्याच्या भट्टीत, हवा कोंडून, दमादमाने कोळपवत. तयार झालेला काळ्या कांड्यांचा चुरा आधी पोत्यांत कोरडा साठवत, मग शेणकाल्यात मुरवून शेतात गाडत. पुस्तकात त्याला बायोचार म्हणतात. बायका काळं खत म्हणत, आणि गावातले पुरुष हसून कोळसा.

अट एकच होती. हे खत मातीत गेलं पाहिजे. आगीत गेलं की कोंडलेला धूर पुन्हा आभाळात, आणि सगळा व्यवहार खोटा.

कारखान्याशी करार ठरला होता. वासंतीने गोदामातला माल तपासून दाखला दिला की आज दुपारी सह्या व्हायच्या होत्या.

एव्हाना मागे माणसं जमली होती. त्यांतून उत्तमराव पुढे आले. गावातली सर्वांत मोठी जमीन त्यांची, आणि आवाजही. त्यांनी आत डोकावून पाहिलं, मग गीताबाईंकडे.

"किल्ली कोणापाशी व्हती?"

"माह्यापाशी."

"दुसरी किल्ली?"

"नाई. एकच हाय."

"काल दिवसभर कुठी व्हती ते?"

"कमरेले. कालपासून एक घडीबी सुटली नाई."

उत्तमरावांनी गर्दीकडे वळून दोन्ही हात पसरले. "मंग चोर कोण, हे सांगाले मॅडम कायले पाह्यजेत?"

२

आदला दिवस हनुमान जयंतीचा होता आणि गावात मारोतीचा भंडारा होता. नातू झाला म्हणून उत्तमरावांनी नवस फेडायला काढलेला. साऱ्या गावाला चूलबंद आवतन होतं. म्हणजे त्या दिवशी कुठल्याच घरात चूल पेटायची नाही, सगळ्यांनी देवळापुढेच जेवायचं.

गावात शिरायला रस्ता एकच, आणि त्याच रस्त्यावर आदल्या संध्याकाळपासून मंडप ठोकलेला. वासंतीची जीप मंडपाच्या अलीकडेच थांबली. बॅग हातात घेऊन ती बांबूचे खांब चुकवत चालत आत आली. तिला आणायला बेबीताई आल्या होत्या. त्या महिला संघातल्या सर्वांत बोलक्या.

घरांच्या भिंती कशा कोऱ्या होत्या! ना डाग, ना पोपडे.

"किती स्वच्छ गाव आहे हो," वासंती म्हणाली.

"स्वच्छ कायचं मॅडम! शेण उरतेच कुठी आता भिताडाले लावाले? सारं त्या खतात मुरून राह्यलं."

मग संघाच्या प्रमुख गीताबाईंनी देवळामागचं गोदाम दाखवलं. मोजमाप उद्या करू, असं वासंतीनेच म्हटलं, कारण साऱ्या बायकांचं लक्ष देवळाकडे होतं. पोत्यांना हात लावून वासंतीचं निळं लुगडं काळं झालं, तेव्हा बेबीताई फिस्सकन हसल्या. "अशा अवतारात मारोतीपुढे येता व माय? तो बी घाबरन!" म्हणून तिने मोतिया रंगाची साडी नेसली आणि बायकांबरोबर देवळात गेली.

भंडाऱ्यात रोडगे होते. बुलढाण्याकडे मोठं जेवण म्हटलं की रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. कणकेचे जाड गोळे आरात, म्हणजे रसरशीत निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे. या गावाचा रिवाज असा की पीठ बायांचं आणि आर माणसांचा. बायका पुढच्या मंडपात कणीक मळणार. पुरुष देवळामागे, नाल्याच्या काठी, चर खणून आर करणार. बायकांनी आरापाशी जायचं नाही आणि पुरुषांनी परातीपाशी यायचं नाही.

"बसता का आमच्याजवळ?" गीताबाईंनी विचारलं.

वासंती बसली. बसताना सगळ्यांप्रमाणे तिने हातातलं घड्याळ आणि अंगठी काढली. मारोतीपुढच्या मोठ्या पितळी ताटात बायकांच्या पाटल्या, बांगड्या, अंगठ्या, कमरेचे छल्ले असा ढीग साठला होता. उकिडवं बसून परातीत जोर लावायचा तर अंगावर काही टोचता कामा नये. मळून झालं, हात धुतले की जिचं तिने उचलायचं. देवापुढचं ताट, त्याला हात कोण लावणार?

पंगत बसली तेव्हा कडक ऊन होतं. बसायला पोती अंथरली होती, उलटी करून, स्वच्छ झटकून. वाढायला उत्तमरावांचा पुतण्या गजेंद्र होता. तिशीतला उमदा गडी, भंडाऱ्याची सारी तयारी त्याच्याकडे. तो घामाने निथळत होता, तरी आग्रह सोडत नव्हता.

"अजून एक घ्या मॅडम. पुंजाजीच्या हातचा हाय."

रोडगा फारच सुरेख होता. वासंतीच्या माहेरी रोडगे व्हायचे तेव्हा पहिल्या घासाला थोडी राखट चव लागायची, नाकात धूर चढायचा. इथे तसं काहीच नव्हतं. आतपर्यंत एकसारखा शिजलेला, खमंग. तिने पुंजाजी आचाऱ्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले आणि दुसरा रोडगा फोडला.

संध्याकाळी गीताबाईंच्या घरी साडी बदलताना तिला दिसलं की मोतिया साडीला मागून काळा डाग पडला आहे. निळ्या लुगड्याचा लागला असेल, असं म्हणून तिने साडी बादलीत टाकली.

आणि आज सकाळी गोदाम रिकामं.

३

तासाभरात गाव पालथं घातलं गेलं. पुरुषांनी घरं पाहिली, कोठ्या पाहिल्या, कडब्याच्या गंज्या उपसल्या, विहिरीत गळ टाकले. नाल्यातही उतरून आले. एकही भरलेलं पोतं सापडलं नाही.

"बाहेर गेलं असेल," कोणी म्हणालं.

"कसं जाईन बे?" दुसऱ्याने त्याला झापलं. "मंडप तं आत्ता उकलला, मॅडमच्या समोर. ट्रॅक्टर काय उडून गेला? मांगून नाला, तिथून तं बकरी बी नीट चढत नाई."

हे खरं होतं. रस्त्यात खांबांचे खड्डे अजून ओले होते. माल गावात नव्हता आणि गावाबाहेर जाऊ शकत नव्हता.

वासंतीने उत्तमरावांना देवळाच्या ओट्यावर गाठलं. ते नातवाला मांडीवर घेऊन बसले होते.

"गीताबाईंवर तुमचा एवढा संशय का?"

"संशय नाई, पाह्यलं मी." त्यांनी आवाज खाली आणला. "मेहकर रोडवरचा ढाबेवाला आला व्हता मांगच्या आठवड्यात. त्याले तंदूरसाठी कोळसा पाह्यजे. गीताबाईसंगं अर्धा घंटा बोलून राह्यला व्हता, भट्टीपाशी."

"तुमच्या शेतातली पऱ्हाटी तुम्ही संघाला देता?"

"मी? मी बांधावर पेटवतो. माह्या बापानं पेटवली, मी पेटवतो." मग म्हणाले, "हा करार चांगला हाय मॅडम, मी नाई म्हणत नाई. पण असा कारभार बायांच्या हाती नाई टिकत. मुख्य माणूस बदला, संघ वाचते. मी जबाबदारी घ्याले तयार हाव."

गीताबाई भट्टीपाशी सापडल्या. भट्टी आज थंड होती. त्या काठावर उभ्या राहून आत बघत होत्या.

"ढाबेवाला आला होता?"

"हाव. म्हणे, रात्री देत जा, कोणाले कळत नाई. मी म्हनलं, भाऊ, हे मातीसाठी हाय, चुलीसाठी नाई." त्या वासंतीकडे वळल्या. "मॅडम, माहा मालक गेला तवापासून गावात माहं नाव कोणं घेत नव्हतं. 'त्याची बायको' म्हणत. या भट्टीनं मले गीताबाई केलं. आता 'कोळसाचोर' म्हणतीन."

"किल्ली खरंच कमरेलाच होती?"

"देवाच्यान. मी कायले लपवू?"

नियम वासंतीला पाठ होता. साठा गहाळ झाला आणि तो कुठे गेला हे दाखवता आलं नाही, तर तो जळण म्हणून विकला असं धरायचं. मग हाच साठा नाही, तर आजवर शेतात गाडलेलं सगळं खतही हिशेबातून बाद, आणि संघाला पुन्हा दार बंद. गीताबाई खोटं बोलत नाहीत, अशी तिची खात्री होती. पण दाखल्यावर खात्री लिहिता येत नाही, पुरावा लिहावा लागतो.

तेवढ्यात बेबीताई धावत आल्या. "मॅडम, चला लौकर. उत्तमरावनं मीटिंग बोलावली. दुपारी कारखान्याचा माणूस यायच्या आत गीताबाईले काढून राह्यले!"

४

वासंती मीटिंगला गेली नाही. ती गीताबाईंच्या अंगणात गेली, कारण विचार करायचा असला की तिला हाताला काहीतरी काम लागे, आणि तिथे तिची मोतिया साडी दोरीवर वाळत होती.

डाग पूर्ण गेला नव्हता. तिने तो बोटांत धरून पाहिला. बसलेल्या माणसाला जिथे लागतो, तिथेच होता. निळं लुगडं तर तिने घडी करून पिशवीत बांधून ठेवलं होतं. मग हा कुठून आला?

समोरून एक बाई शेणाची पाटी घेऊन गेली. भिंतीकडे वळली नाही, सरळ खताच्या हौदाकडे गेली. वासंतीची नजर तिच्या मागोमाग गेली आणि परत भिंतीवर आली. कोरी भिंत. या गल्लीतल्या सगळ्या भिंती कोऱ्या.

साडी तशीच सोडून ती देवळाकडे निघाली.

पुंजाजी आचारी देवळामागे कढया घासत होता. डोक्याला पंचा, अंगात भोकाचं बनियन.

"पुंजाजी, काल रोडगे फार छान झाले."

"हाव ना?" म्हातारा खुलला. "उमर गेली माही, पण असा आर नाई भेटला. धूर नाई, वास नाई. लौकर पेटे अन् लौकर बसे, पण जवर राहे तवर एकसारका!"

"गोवऱ्यांचा होता?"

"गोवऱ्या कुठी आहेत मॅडम गावात? कोळसा व्हता. गजूभाऊनं आणला."

"कुठून?"

"चिखलीहून म्हणे. इथी ढीग घालून देल्ला व्हता, मी नुसता पेटवला."

"केव्हा आणला?"

"काल सकाळी. तुमी तिकडं पिठात बसल्या तवा."

"पोत्यांमधून आणला?"

"पोते मी नाई पाह्यले. मी वांगे चिरून राह्यलो व्हतो." पुंजाजीचा हात कढईवर थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. "मॅडम... तुमी असं काऊन इचारून राह्यल्या?"

"आर कुठे केला होता ते दाखवा."

चर मातीने बुजवला होता. वासंतीने खाली बसून बोटांनी माती बाजूला केली. आयुष्यभर तिने राखा वाचल्या होत्या. गोवरीची राख करडी असते, जड, तिच्यात गवताच्या काड्यांचे सांगाडे दिसतात. ही पांढरी, पिसासारखी हलकी होती, आणि तळाशी विझलेल्या बारीक काळ्या कांड्या होत्या. मधे पोकळ, कडेला फाट्यांच्या गाठी. पऱ्हाटीच्या झाडासारख्या.

तिने एक कांडी रुमालात बांधली आणि उठली. चेहऱ्यावर हसू होतं.

"पुंजाजी, काल आपण ज्यावर जेवायला बसलो ती पोती कुठे आहेत?"

५

मीटिंग रंगात आली होती. उत्तमराव नातवाला कडेवर घेऊन उभे होते, गीताबाई एका कडेला, बायका त्यांच्यामागे गठ्ठ्याने. वासंती आली तेव्हा कोणीतरी हात वर करायला सांगत होतं.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "चोरीचा माल सापडला."

एकदम गलका झाला.

"कुठी हाय?" उत्तमरावांनी विचारलं.

"गावातच आहे. काल दुपारपर्यंत त्याचं काम झालं होतं. थोडा माझ्या पोटात आहे, थोडा तुमच्या, थोडा तुमच्या सुनेच्या. नातू लहान आहे म्हणून तेवढा सुटला."

कोणी हसलं, कोणी नाही. पुंजाजी आणि दोघं जण पोत्यांची वळकटी घेऊन आले आणि मधे टाकली. वासंतीने एक पोतं उचललं.

"सकाळपासून आपण भरलेली पोती शोधतोय. रिकामी कोणी पाहिलीच नाहीत, कारण त्यांच्यावर तर आपण बसलो होतो." तिने पोत्यात हात घालून ते उलटं केलं. काळी धूळ उडाली. आतून महिला संघाचा शिक्का बाहेर आला. "ज्याने ही अंथरली त्याने शिक्का दिसू नये म्हणून उलटी केली. पण मग काळी बाजू वर आली. कितीही झटकली तरी माझ्या साडीला लागायची ती लागलीच."

बेबीताईंनी गर्रकन वळून आपल्या पातळाचा मागचा भाग पुढे ओढला. "व माय! माह्या बी!"

"आता पहिल्यापासून पाहू. भंडारा रोडग्यांचा. रोडग्यांना गोवऱ्या लागतात. तुमच्या गावात भिंतीवर एक तरी गोवरी दिसते का? सगळं शेण यंदा खतात गेलंय. मग एवढ्या रोडग्यांचा आर कशाचा केला? पुंजाजी म्हणतात कोळशाचा, काल सकाळी चिखलीहून आलेला." तिने रस्त्याकडे बोट केलं. "पण सकाळपासून तुम्हीच सगळे सांगताय की मंडपामुळे गावातून काही बाहेर जाऊच शकत नव्हतं. मान्य. मग त्याच मंडपातून चिखलीचा कोळसा आत कसा आला? मी स्वतः बॅग घेऊन चालत आले. टेम्पो कसा येईल?"

तिने पोतं खाली टाकलं आणि रुमालाची गाठ सोडली.

"आला नाही. तो इथलाच होता. देवळामागून गोदाम चार पावलांवर आहे. काळं खत बायका पाहताक्षणी ओळखतात, पण रिवाजाप्रमाणे एकही बाई आरापाशी गेली नाही. आणि जे पुरुष तिथे होते, त्यांतला एकही कधी भट्टीवर आला नाही. त्यांच्या लेखी कोळसा तो कोळसा. ही पाहा पऱ्हाटीची कांडी, आताच राखेतून काढली."

"अन् किल्ली?" उत्तमराव म्हणाले. "किल्ली तं हिच्या कमरेले व्हती ना?"

वासंती गीताबाईंकडे वळली. "गीताबाई, काल पिठात बसताना मी घड्याळ कुठे ठेवलं?"

"ताटात. मारोतीपुढे."

"आणि तुम्ही किल्लीचा छल्ला?"

गीताबाईंचं तोंड उघडं राहिलं. हात नकळत कमरेकडे गेला. "अव्वा! ताटात... ताटातच ठेवला व्हता मी. बाई, अंगठी काढतो, पाटल्या काढतो, ते काय ध्यानात राह्यते का? ते तं आमी नेहमीच..."

"नेहमीचंच. म्हणून तर आठवलं नाही. त्या ताटापाशी काल कोणाची ये-जा होती? सगळ्या भंडाऱ्याची तयारी ज्याच्याकडे होती, त्याची. जो पंगतीत घामाने निथळत होता, आणि आज सकाळपासून एक शब्द बोललेला नाही."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेने वळल्या. गजेंद्र खांबाला टेकून उभा होता. तो पळाला नाही. उलट, कोणीतरी ओझं उतरवल्यासारखे त्याचे खांदे खाली आले.

"गोवऱ्या कराच्या असतात, हे माह्या ध्यानातच नव्हतं," तो म्हणाला. "काका, तुमी सांगा, आपल्या गावात आजवर कोणं गोवऱ्या आणल्या का? गहू आणा, तूप आणा, वांगे आणा, याद केली व्हती मी. गोवऱ्या तं कुठल्याबी भिताडाच्या घ्या! सकाळी पाटी घेऊन निघालो, अन् पाहातो तं एकाबी घरी नाई. रस्ता बंद. कणीक मळून राह्यली. सारं गाव चूल बंद करून बसलं. रोडगे कच्चे राह्यले असते तं तुमच्या नवसाचं काय झालं असतं?"

"अबे, मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगणार व्हतो. आज सकाळी सांगणार व्हतो. म्हनलं, गीताकाकूच्या पाया पडतो, भरून देतो. मले वाटलं कोळसाच तं हाय, दुसरा आणता येते. गोदामापाशी आलो तं तुमी 'चोर, चोर' करून राह्यले होते. अन् काकू म्हणे किल्ली सुटलीच नाई. मंग माही जबानच अडली."

उत्तमराव नातवाला सावरत ओट्यावर बसले. ज्या चोराला ते सकाळपासून शोधत होते, त्याने त्यांचाच नवस शिजवला होता.

६

आता साऱ्यांचे डोळे वासंतीवर होते. गीताबाईंनी कोरड्या आवाजात विचारलं, "म्हणजे जळालंच ना मॅडम? मातीत नाई गेलं. करार गेला."

"जळालं तेवढं गेलं," वासंती म्हणाली. "ते मी वजा करणार, त्यात दयामाया नाही. पण नियमाला भीती असते ती चोरून विकण्याची आणि दोनदा मोजण्याची. इथे विकलं काहीच नाही. कुठे गेलं, कशात गेलं, हे राखेसकट माझ्या हातात आहे. तुमच्या शेतांत गाडलेलं खत जागच्या जागी आहे, ते उकरून पाहते आणि दुपारी दाखला देते. जळालेला माल भरून काढायला मात्र पऱ्हाटी लागेल. ती यंदाची कुठे शिल्लक आहे?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. गावात एकाच माणसाच्या शेतात पऱ्हाटी अजून उभी होती, बांधावर पेटवायची वाट पाहत.

उत्तमरावांनी नातवाला सुनेकडे दिलं, उठले आणि गीताबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"गीताबाई, सारी घेऊन जा. उपटून बी देतो."

"तुमी कायले उपटता?" गीताबाई म्हणाल्या. आवाज परत जागेवर आला होता. "गजेंद्र उपटन. अन् पुरी होयपरेंत भट्टीवर बी तोच बसन. कोळसा अन् खत, यातला फरक त्याले एकदा कळू द्या."

"हाव काकू," गजेंद्र म्हणाला, आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

"अन् मॅडम, एक गोष्ट तुमी लिहून घ्या." गीताबाईंनी पदर खोचला. "गावातलं सारं शेण खतात, असं ठरोलं तवा आमी बी भंडारा इसरलो, अन् तुमचे साहेब लोक बी. पुढच्या साली देवाच्या गोवऱ्यापुरतं शेण बाजूला काढू. ते आमच्या हिशेबात धरू नका."

वासंतीने पेन काढलं. एवढ्या गावांच्या योजना तिने तपासल्या होत्या, पण माणसं वर्षातून एकदा एकत्र जेवतात, हा रकाना कुठल्याच कागदावर नव्हता.

"लिहिते," ती म्हणाली.

शेतं पाहून झाली, कारखान्याचा माणूस आला, सह्या झाल्या. गीताबाईंनी आपलं नाव सावकाश, पूर्ण लिहिलं. ऊन कलताना वासंती जीपकडे निघाली तेव्हा त्या मागून फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आल्या. कमरेचा छल्ला त्यांनी आता गळ्यातल्या दोऱ्यात ओवला होता.

"कालचे रोडगे हायत. शिळे जास्त गोड लागतात."

"गीताबाई, हा पुरावा आहे. मला खाता येणार नाही."

"काल दोन खाल्ले तवा नाई आठवलं?"

मागे बायका खो खो हसल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदाच गीताबाईही हसल्या. वासंतीने गाठोडं घेतलं. जीप जानेफळच्या रस्त्याला लागली तेव्हा तिने अहवाल मांडीवर घेतला आणि 'साठ्यातील घट व कारण' या रकान्यात लिहिलं: देवाच्या भंडाऱ्यात जळण म्हणून वापर. विक्री नाही. तपासणी अधिकाऱ्याने स्वतः चव घेऊन खात्री केली आहे.

मग तिने फडकं सोडलं.